पहिल्या बँडच्या आधी पोचा

«प्रिय ताई,
माझी मुलगी १७ वर्षांची आहे, बारावीत. येत्या शनिवारी माझगावला मोकळ्या मैदानावर हेवी मेटलचा, म्हणजे दणदणीत रॉक गाण्यांचा, कार्यक्रम आहे. दुपारी ३ ते रात्री १०, सहा बँड. तिच्या तीन मैत्रिणी जाणार आहेत. आमच्या ह्यांनी सांगितलं, आई बरोबर असेल तरच जायचं. लेकीने लगेच माझंही तिकीट काढलं! मी शाळेत शिकवते. वडील गिरणीत होते, मी लालबागला चाळीत वाढले, आणि लहानपणापासून शास्त्रीय गाणं ऐकत आले. जमेल त्या वर्षी पुण्याला सवाईलाही जाते. लेकीच्या मोबाइलवर तिचं गाणं ऐकलं, तर मला नुसतं ओरडणं वाटलं. व्हिडिओत पोरं एकमेकांना धक्के मारतात, बोटांची शिंगं करतात. सासूबाई म्हणतात, हे सैतानाचं गाणं. ताई, हे सुरक्षित असतं का? मी सात तास तिथे काय करू? मी बरोबर असल्याची तिला लाज वाटेल का? तिला मुख्यतः शेवटचा बँड ऐकायचा आहे, मग सातला पोचलो तर चालेल ना?
– एक आई, डोंबिवली»

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. सातला नको, अडीचला पोचा. पहिला बँड स्टेजवर वायरी जोडत असेल तेव्हा तुम्ही मैदानात असायला हव्यात.

तुम्ही सवाईला जाता, म्हणून तुम्हाला हे पटकन पटेल. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ तो महोत्सव सुरू केला आणि कित्येक वर्षं समारोपाला ते स्वतः गायचे. मंडप त्यांच्यासाठी भरायचा. पण कानसेन माणूस पहिल्या तरुण गायकालाही येऊन बसायचा, कारण पुढचं नाव तिथेच कळतं. मेटलचा दिवसभराचा कार्यक्रम अगदी असाच रचलेला असतो. दुपारच्या उन्हात नवे बँड, मान्यवर रात्री. नव्यांच्या वाट्याला अर्धा तास येतो. ही पोरं आठवडाभर नोकरी करतात, तासावर भाड्याने मिळणाऱ्या खोलीत तालमी करतात आणि गिटार पाठीला लावून लोकलने येतात. त्या अर्ध्या तासासाठी त्यांनी काही महिने घातलेले असतात, आणि समोर बऱ्याचदा पन्नास-साठ माणसं असतात. त्यांत तुम्ही असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

यात तुमच्याही सोयीचं काही आहे. कान एकदम तयार होत नाही. ज्याने कधी ख्याल ऐकलेला नाही त्याला थेट रात्रीच्या दरबारी रागाला नेऊन बसवलं तर तो जांभया देईल. मेटलमध्येही जाती आहेत. एखादा बँड कमालीच्या संथ लयीत, जड पावलं टाकल्यासारखं वाजवतो, दुसरा इतका द्रुत की ठेका मोजता येत नाही, तिसऱ्याची गिटार चक्क सुरेल गाते. दुपारपासून ऐकलंत तर चौथ्या बँडपर्यंत तुम्हाला हा आणि तो यातला फरक कळायला लागेल. सातला आलात तर सगळा एकच गोंगाट वाटेल, आणि तुमचं मत मोबाइलवर ऐकून झालं होतं तेच राहील.

काय ऐकायचं? पहिले दोन बँड फक्त ड्रम ऐका. गाणाऱ्याकडे लक्षच देऊ नका. ड्रमवाल्याच्या पायाशी बघा, मोठ्या ढोलाला दोन पेडल असतात आणि दोन्ही पाय आळीपाळीने चालतात. हात एका लयीत, पाय दुपटीत, मग चौपटीत. मधेच सगळं थांबतं आणि लय एकदम निम्मी होते, आणि मैदानातली सगळी डोकी त्याच क्षणी खाली येतात. त्याला ही मंडळी ब्रेकडाऊन म्हणतात. तिहाई संपून समेवर आल्यावर तुमची मान जशी आपोआप हलते, तसंच ते आहे. दोन बँडमध्ये वीस-पंचवीस मिनिटं जातात. तेव्हा बहुतेक जण खायला पळतात, तुम्ही थांबा. एक मुलगा येऊन एकच ढोल पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, धम्, धम्, धम्, आणि तिकडे आवाजवाला खुंट्या फिरवत असतो. तबल्याच्या गट्ट्यांवर हातोडी मारत स्वर लावताना आपण जसे गप्प बसून बघतो, तसं ते बघण्यासारखं आहे.

तुम्हाला जे ओरडणं वाटलं, त्याबद्दल एवढंच सांगते की तो कंठाचा अभ्यास आहे. नेहमीच्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन पडदे असतात, तो खर्जातला गुरगुराट मुख्यतः त्यांच्या कंपनातून येतो. ज्याला जमतं तो तासभर तसं गाऊन नंतर तुमच्याशी साध्या आवाजात बोलतो. ज्याला जमत नाही त्याचा घसा दुसऱ्या गाण्याला बसतो. शनिवारी सहाही जणांकडे कान द्या, दमसास कुणाचा पक्का आणि कुणाचा कच्चा हे तुम्हाला माझ्याआधी कळेल.

तुमचे वडील गिरणीत होते हे वाचलं आणि थांबले. या गाण्याचा जड आवाज कुठून आला माहीत आहे? इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७, तुमच्या लेकीएवढंच. नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, गिटारच्या तारा दाबायचा तो हाच हात. त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड आणून ऐकवली, हाताची दोन बोटं जायबंदी झालेली असताना वाजवणाऱ्याची. मग या पोराने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं आणि पुन्हा वाजवायला बसला. पुढे तारा बोटांना कमी टोचाव्यात म्हणून त्याने त्या सैल केल्या. तारा सैल झाल्या तसा स्वर खाली उतरला, आवाज जड आणि काळोखा झाला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७० ला आली आणि हेवी मेटलची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. भोंग्याच्या आवाजावर उठणाऱ्या, मशिनवर बोटं गमावणाऱ्या माणसांचं हे गाणं आहे. माझगाव-भायखळा म्हणजे आपल्याकडे तोच मुलूख, गोदीचा आणि गिरण्यांचा. लेकीला आजोबांच्या गिरणीतल्या गोष्टी सांगितल्यात का कधी? गाडीत सांगा.

आता सासूबाईंची शंका. बोटांची ती शिंगं मेटलमध्ये रूढ केली रॉनी जेम्स डिओ या गायकाने, तो आयोमीच्याच बँडमध्ये नंतर गायला. त्याने स्वतः सांगून ठेवलंय की ही खूण त्याने आपल्या इटालियन आजीकडून उचलली. आजी रस्त्याने चालताना कुणाची वाईट नजर लागू नये म्हणून बोटं तशी करायची. म्हणजे आपण मीठ-मोहऱ्या उतरवतो, तेच. सासूबाईंना हे जरूर सांगा, नातवंडांची दृष्ट काढणाऱ्या बाईला ते पटेल. गाण्यांत मृत्यू, युद्ध, राग, एकटेपण पुष्कळ असतं हे खरं. सतराव्या वर्षी हे सगळं मनात असतंच. ते मोठ्याने बोलणारं कुणी भेटलं की पोरांना बरं वाटतं, हे मी माझ्या घरातही पाहिलंय.

धक्काबुक्कीचं म्हणाल, तर त्या गोलाला पिट म्हणतात. स्टेजसमोर मधोमध माणसं मागे सरकतात, जागा होते, आणि हौशी पोरं त्यात शिरून एकमेकांवर आदळतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती मारामारीच वाटते. मला वाटली होती. एकोणिसाव्या वर्षी एका कॉलेजच्या मैदानावर मी कडेला उभी होते, गोल अचानक मोठा झाला आणि मी आत ओढली गेले. सँडलचा पट्टा तुटला, मी गुडघ्यावर पडले. खाली मान, सगळीकडे बूट. मला वाटलं, संपलं. पुढच्या क्षणी दोन्ही काखेत हात आले आणि मी उभी होते. कमरेपर्यंत केस असलेला एक दांडगा मुलगा पाठ करून, हात पसरून माझ्यामागे भिंतीसारखा उभा राहिला, आणि दुसरा खाली वाकून माझी सँडल शोधत होता. सँडल मिळाली, त्याने ती डोक्यावर उंच धरली आणि मी हात वर करेपर्यंत धरून ठेवली. हा तिथला कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही पण पाळला जातो. कुणी पडलं की सगळे थांबतात आणि उचलतात. कुणाचा चष्मा, फोन, बूट सापडला की वर धरतात. ज्याला पिटमध्ये यायचं नाही त्याला ओढत नाहीत. एखादा मुठी वळून मारायलाच आला, किंवा गर्दीत कुणा मुलीला त्रास देऊ लागला, तर बाकीचे त्याला बाहेर काढतात. असा नग कधीतरी असतोच, म्हणून लेकीला सांगून ठेवा की तसं काही झालं तर लाजायचं नाही, तिथेच मोठ्याने ओरडायचं, आणि कठड्यापलीकडच्या सिक्युरिटीवाल्याला हाक मारायची.

पिटपासून पाच-सहा रांगा लांब राहिलं की धोका राहत नाही. त्यापेक्षा मला भीती वाटते ती नुसत्या दाटीची, शेवटच्या बँडला सगळे पुढे सरकतात तेव्हाची. डोंबिवलीहून रोज गाडी पकडणाऱ्या बाईला गर्दी मी काय शिकवणार! फक्त एक करा, हात छातीशी आणता येत नाहीत इतकी दाटी झाली की गाणं कितीही रंगात असो, आडवं सरकत कडेला यायचं. मागे वळून प्रवाहाविरुद्ध जायचं नाही. मुलींना हे आधी सांगा.

तुम्ही कानांबद्दल एक शब्द विचारला नाहीत, ताई. कुणीच विचारत नाही. या सात तासांत तुमच्या लेकीला खरा धोका कशाचा असेल तर तो आवाजाचा आहे.

मी तुम्हाला हे जिवाच्या आकांताने सांगते, कारण रात्री पंखा बंद केला की माझ्या उजव्या कानात आजही बारीक शिट्टी वाजते. एका रात्री मी स्पीकरच्या भिंतीपासून चार हातांवर उभी होते, कारण तिथे ढोलाचा दणका छातीत जाणवायचा आणि मला ते आवडायचं. दुसऱ्या दिवशी आईचं बोलणं उशीतून आल्यासारखं ऐकू येत होतं. ते दोन दिवसांत गेलं, शिट्टी राहिली. आता पावसाळ्याच्या रात्री सगळं शांत होतं तेव्हा मला शांतता ऐकू येत नाही. शुद्ध तंबोऱ्याच्या जोडीवर ती शिट्टी येऊन बसते. तुम्हाला याचा अर्थ कळेल.

हिशेब असा आहे. ८५ डेसिबलचा आवाज कान साधारण ८ तास सोसू शकतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ला ४ तास, ९१ला २, आणि असं करत १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली, तीसुद्धा सरासरी १०० डेसिबलची आहे. म्हणजे मर्यादा पाळली तरी सात तास उघड्या कानांनी उभं राहणं शक्य नाही. म्हणून इअरप्लग. कापसाचे बोळे नकोत, त्यांनी काही होत नाही. मेडिकलच्या दुकानात फोमचे मिळतात, अगदी स्वस्त. घालायची पद्धत महत्त्वाची, बहुतेकांचे त्यामुळेच फुकट जातात. प्लग दोन बोटांत वळून सुतासारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, मग प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. बरोबर बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. शुक्रवारी रात्री घरी दोघींनी करून बघा. गाणं नासतं ही लेकीची तक्रार येईल, आणि ती थोडी खरी आहे, फोममुळे वरचे स्वर जास्त दबतात. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात, ते महाग असतात पण वर्षानुवर्षं चालतात. तिला पुढेही जायचं असेल तर वाढदिवसाला तेच द्या. तिला हेही सांगा की स्टेजवरच्या वादकांच्या कानात बघ, जवळजवळ प्रत्येकाने काही ना काही घातलेलं असतं. दर तास-दीड तासाने स्टेजपासून लांब जाऊन पंधरा मिनिटं कान मोकळे ठेवा. रविवारी सकाळीही कानांत दडे बसल्यासारखे वाटले किंवा शिट्टी थांबली नाही तर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखवा, आठवडा जाऊ देऊ नका.

उभं कुठे राहायचं? मैदानाच्या मध्यावर, स्टेजकडे तोंड करून, आवाजवाल्याचं टेबल आणि आवाज लावायचं खुंट्यांचं मोठं यंत्र असतं. भोवती लोखंडी कठडा. त्या कठड्याला टेकून उभ्या राहा. सगळ्यात चांगला आवाज तिथेच येतो, कारण तो माणूस स्वतःच्या कानाला लागेल तसा लावत असतो. स्पीकरही लांब राहतात आणि पाठीला आधार मिळतो. मुलींना पुढे जाऊ दे. तुम्ही तिच्या मागेमागे फिरलात तर तिला लाज वाटेल, हे खरंय. तुम्ही एका ठिकाणी ठामपणे उभ्या राहून ऐकलंत तर नाही वाटणार. दर बँडनंतर चौघींनी कठड्यापाशी येऊन तोंड दाखवायचं, एवढं ठरवा. फोनवर विसंबू नका, इतकी माणसं जमली की नेटवर्क जातं. आणि तुम्ही एकट्याच पन्नाशीकडे झुकलेल्या नसाल. मुंबईत हे गाणं आज आलेलं नाही. रॉक मशीन हा बँड १९८४चा, धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात गाजलेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव १९८६ साली सुरू झाला. आयर्न मेडन या इंग्लिश मेटल बँडने आपला जगाचा दौरा १ फेब्रुवारी २००८ला वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. त्या रात्रीची कॉलेजातली पोरं आज पोरांना खांद्यावर घेऊन येतात.

रंगभवनची आठवण निघाली म्हणून सांगते, रात्री १०ला कार्यक्रम संपतो त्यामागेही एक कारण आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद केले, आणि रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्रं आली. रंगभवनच्या एका अंगाला कॉलेज, आसपास इस्पितळं. तिथलं गाणं बंद पडलं. आम्हाला फार लागलं ते, अजून त्या रस्त्याने जाताना मी फाटकाकडे बघते. पण रुग्णाच्या झोपेपुढे आमचं गाणं मोठं नाही, हेही मला मान्य आहे. तुमच्या दृष्टीने चांगलं एवढंच की दहा म्हणजे दहा. टॅक्सीने भायखळ्याला या, डोंबिवलीकडे गाड्या त्या वेळी पुष्कळ असतात, लेडीज डब्यात रात्री पोलीसही असतो. शेवटचं गाणं संपायला दोन मिनिटं असताना फाटकाकडे निघालात तर टॅक्सी मिळेल, पण लेकीला ते दुःख देऊ नका, दहा मिनिटं उशीर चालेल.

कपडे सुती, पायात बंद बूट, ओढणी घरी. काळंच घालायला हवं असं काही नाही. तिकिटावर वयाची अट आणि आत काय नेता येतं ते आजच वाचा, बहुतेक ठिकाणी पाण्याची बाटली दारात काढून घेतात. तिचं वयाचं ओळखपत्र बरोबर ठेवा. आत बिअर विकायला असेल, महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, त्यामुळे त्या काउंटरशी तुमच्या मुलींचा संबंध नाही. दुपारी घरून पोटभर जेवून निघा, बारावीच्या अभ्यासाचा विषय त्या दिवशी काढू नका.

आणि ताई, इअरप्लगचे दोन-तीन जोड जास्तीचे पर्समध्ये टाका. संध्याकाळी कधीतरी शेजारी एखादं पोर दोन्ही तळवे कानांवर दाबून उभं असलेलं दिसेल, निघून जायचं मन नसतं त्याचं. त्याला एक जोड द्या, आणि कान मागून कसा ओढायचा ते दाखवा.